चार दिवस, दहा तास आणि एक्कावन्न मिनिटे

सप्टेंबर 1909 च्या अखेरच्या आठवड्यात कुनार्ड कंपनीची ‘मॉरिटानिया’ ही आगबोट आयर्लंडचा किनारा सोडून न्यूयॉर्कच्या तोंडाशी पोहोचली, तेव्हा तिने अटलांटिक महासागर 4 दिवस, 10 तास आणि 51 मिनिटांत ओलांडल्याची वार्ता दोन्ही खंडांत तारायंत्राने पसरली. ताशी सरासरी 26.06 सागरी मैल हा तिचा वेग होता. पश्चिमेकडे जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही आगबोटीला या वेगाच्या पुढे जाण्यास 1929 साल उजाडावे लागले. मिनिटापर्यंत नेमका असलेला हा आकडा वाचून कोणाही गृहस्थाचा असा समज व्हावा की, इंग्लंडातून निघालेला मनुष्य साडेचार दिवसांच्या आत अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवीत असे. तो समज बरोबर नाही. आकडा खोटा नव्हता. परंतु तो उतारूच्या प्रवासाचा नव्हता, आगबोटीच्या धावण्याचा होता, आणि या दोहोंत पुष्कळ अंतर आहे.

आगगाडीच्या वेळापत्रकात वेळ मोजण्यास आरंभ होतो तो फलाटापासून, आणि मोजणी संपते तीही फलाटावरच. अटलांटिकवरील विक्रमांची रीत निराळी होती. घड्याळ सुरू होई ते आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदराबाहेर, डॉन्ट्स रॉक नावाच्या खडकाजवळ. क्वीन्सटाउन म्हणजे आजचे कोव्ह. आणि घड्याळ थांबे ते न्यूयॉर्कच्या खाडीबाहेर नांगरून ठेवलेल्या आंब्रोज दीपनौकेपाशी. मधले अंतर सुमारे 2,784 सागरी मैलांचे. सागरी मैल हा जमिनीवरील मैलाहून मोठा, त्या काळी तो 6,080 फुटांचा धरला जाई. खडकाच्या अलीकडे आणि दीपनौकेच्या पलीकडे जो वेळ जाई, त्याची गणना विक्रमात होत नसे.

आता उतारूचा प्रवास पाहावा. लंडनचा मनुष्य शनिवारी आगगाडीने लिव्हरपूलच्या धक्क्यावरील स्टेशनात उतरे. त्याच संध्याकाळी आगबोट हाकारली जाई आणि रात्रभर आयरिश समुद्रातून जाऊन रविवारी सकाळी क्वीन्सटाउनपुढे उभी राही. तेथे ती कशाकरिता थांबे? मुख्यतः टपालाकरिता. लंडनचे टपाल शनिवारी रात्री आगगाडीने होलीहेड, तेथून बोटीने किंग्सटाउन, पुन्हा आगगाडीने क्वीन्सटाउन अशी वाट काढून आगबोटीला गाठीत असे, म्हणजे पत्रे उतारूपेक्षा काही तास उशिरा निघूनही त्याच्याबरोबर चढत. यानंतर ते प्रसिद्ध घड्याळ सुरू होई. दीपनौका ओलांडल्यावर खाडीतून वर जाणे, आरोग्यखात्याच्या वैद्यांकडून तपासणी, मग धक्क्याला लागणे, यात आणखी काही तास जात. त्यातही सूर्यास्तानंतर येणाऱ्या आगबोटीला तपासणीसाठी सामान्यतः सकाळपर्यंत तिष्ठावे लागे. त्यामुळे समुद्रात वाचवलेल्या दोन तासांची किंमत कधी शून्य ठरे, तर कधी एक संपूर्ण रात्र ठरे. गुरुवारी सायंकाळी पोहोचणे आणि शुक्रवारी सकाळी पोहोचणे, हाच व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा भेद होता. एक्कावन्न मिनिटे की पन्नास, यात त्याला काही स्वारस्य नसे.

ही गोष्ट कंपन्यांना पूर्णपणे ठाऊक होती. म्हणूनच ऑगस्ट 1909 पासून कुनार्डने परतीच्या फेरीत वेल्समधील फिशगार्ड येथे उतारूंना उतरवण्यास आरंभ केला. तेथून खास आगगाडीने लंडन गाठले म्हणजे लिव्हरपूलच्या वळशाचे कित्येक तास वाचत. भट्टीत एक टोपली कोळसा अधिक न घालता साधलेली ही बचत होती.

घड्याळ कोठे सुरू करावे यावर किती अवलंबून असते, याचे उत्तम उदाहरण 1929 साली मिळाले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात ‘ब्रेमेन’ या नव्या जर्मन आगबोटीने मॉरिटानियाचा मान हिरावून घेतला. पण तिला लागलेला वेळ होता 4 दिवस, 17 तास आणि 42 मिनिटे! जवळजवळ सात तास अधिक लागूनही ती विजयी कशी? कारण तिची मोजणी फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरापासून झाली होती आणि अंतर 3,164 सागरी मैल भरत होते. भागाकार केला म्हणजे तिचा वेग ताशी 27.83 सागरी मैल येतो. ‘ब्लू रिबंड’ नावाने ओळखला जाणारा मान वेळेला नव्हता, सरासरी वेगाला होता. आणि तोही परंपरेने पश्चिमेकडे जाणाऱ्या फेरीचा अधिक समजला जाई, कारण त्या दिशेने वारे आणि गल्फ स्ट्रीमचा प्रवाह समोरून येतात.

घड्याळाची आणखी एक गंमत होती. पश्चिमेकडे जाताना आगबोटीवरील घड्याळे रोज पाऊण ते एक तास मागे सारावी लागत. पूर्वेकडे येताना तितकीच पुढे. त्यामुळे आगबोटीचा दिवस, म्हणजे दुपारच्या बारापासून दुसऱ्या दुपारच्या बारापर्यंतचा काळ, जाताना जवळजवळ पंचवीस तासांचा आणि येताना तेवीस तासांच्या आसपास होई. ताशी 25 मैलांनी एकसारखी धावणारी आगबोट जाताना दिवसाला सुमारे 620 मैल तोडी, तर येताना 575 च. दुपारी हा आकडा फलकावर लागला की पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात एकच गडबड उडे, कारण आज किती मैल झाले असतील यावर आदल्या रात्री पैजा लागलेल्या असत. सुशिक्षित आणि श्रीमंत मंडळी भूगोलाचा हा एकच धडा मनापासून गिरवीत, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा वेग एकाएकी आला नाही. शिडाच्या गलबतांना पश्चिमेकडील फेरीस पाच-पाच आठवडे लागत. एप्रिल 1838 मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ ही आगबोट ब्रिस्टलहून पंधरा दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचली. 1840 मध्ये कुनार्डच्या ‘ब्रिटानिया’ने टपालाची नियमित ने-आण सुरू केली आणि साडेबारा दिवसांत हॅलिफॅक्स गाठले. मराठी घरांना ठाऊक असलेले दोन प्रवास यानंतरचे आहेत. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. सर्व मिळून 58 दिवस. पंडिता रमाबाई फेब्रुवारी 1886 मध्ये लिव्हरपूल सोडून मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या, आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ 1889 साली प्रसिद्ध झाला. विक्रम करणाऱ्या आगबोटी त्या काळीही होत्या. परंतु विक्रम थोड्यांचा असतो, आणि बहुतेकांचा प्रवास साध्या आगबोटीने होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीने या स्पर्धेत उडी घेतली. 1897 मध्ये आलेल्या ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे’ने आणि 1900 मध्ये आलेल्या ‘डॉइचलांड’ने ताशी 22 मैलांची मर्यादा ओलांडली. डॉइचलांडवर यंत्रांचा कंप इतका होई की, उतारूंस तो मान महागच वाटला असेल. इकडे 1902 मध्ये अमेरिकेतील सावकार जे. पी. मॉर्गन यांच्या संघाने ‘व्हाइट स्टार’ ही विख्यात ब्रिटिश कंपनी विकत घेतली. कुनार्डही हातची जाणार, या धास्तीने ब्रिटिश सरकारने 1903 मध्ये त्या कंपनीशी करार केला. दोन आगबोटी बांधण्यासाठी 26 लक्ष पौंडांचे कर्ज, अवघ्या पावणेतीन टक्के व्याजाने. शिवाय दरसाल दीड लक्ष पौंडांची मदत. त्या वेळच्या पंधरा रुपये पौंड या भावाने ही कर्जाची रक्कम 3 कोटी 90 लक्ष रुपये होते. अट एवढीच की, आगबोटींनी ताशी साडेचोवीस मैल वेग राखला पाहिजे आणि युद्धप्रसंगी त्या सरकारच्या स्वाधीन केल्या पाहिजेत. या पैशातून ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरिटानिया’ जन्मल्या. दोघीही 1907 साली चालू झाल्या.

येथे असा प्रश्न उद्भवतो की, बावीसवरून पंचवीस-सव्वीस मैलांवर जाण्यास सरकारचा खजिना कशाला लागावा? वेग सहाव्या हिश्शाने वाढला, खर्चही तितकाच वाढला असेल. वस्तुतः पाण्याचा हिशेब असा सरळ नाही. आगबोट जितकी वेगाने जाईल तितके पाणी तिला अधिक जोराने अडवते, आणि तिच्या पुढे उठणाऱ्या लाटांतच तिची बरीचशी शक्ती वाया जाते. स्थूलमानाने असा नियम आहे की, लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. त्याच आगबोटीला ताशी 21 मैलांऐवजी 26 मैल चालवावयाचे, तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. मॉरिटानियाच्या पोटात पार्सन्सच्या पद्धतीची वाफेची टर्बाइने होती, चार मळसूत्री पंखे होते, आणि सुमारे 70,000 अश्वशक्ती निर्माण करण्यासाठी 25 बॉयलर व त्यांच्या 192 भट्ट्या होत्या. पूर्ण वेगाने जाताना या भट्ट्या दिवसाकाठी हजार टनांच्या आसपास कोळसा खात.

हा हजार टन कोळसा कोणत्याही यंत्राने भट्टीत जात नव्हता. तो माणसे फावड्याने टाकीत. भट्टीसमोर उभे राहणारे आगवाले आणि वखारीतून हातगाड्यांनी कोळसा आणून देणारे कोळसेवाले मिळून तीनशेंच्या वर माणसे या कामावर असत. चार तास काम, आठ तास विसावा, पुन्हा चार तास काम, असा पाळीचा क्रम असे. एका आगवाल्याच्या वाट्याला तीन भट्ट्या धरल्या, तर एका पाळीस 64 आणि तीन पाळ्यांस 192 आगवाले होतात. म्हणजे प्रत्येकाच्या फावड्यावरून दिवसाला पाच टनांहून अधिक कोळसा जाई. नुसता टाकून भागत नसे. भट्टीचे दार उघडावयाचे, लांब सळईने निखारे फोडावयाचे, राखेचे ढेप ओढून काढावयाचे, कोळसा सारखा पसरावयाचा आणि आतली उष्णता निसटण्यापूर्वी दार लावावयाचे. भट्ट्या एकाच वेळी उघडल्या तर वाफ पडते. सबब त्या काळच्या मोठ्या आगबोटींवर कोणती भट्टी केव्हा उघडावी हे घंटा वाजवून सांगणारे एक यंत्रही बसवलेले असे. माणसाने दम केव्हा घ्यावा हे ती घंटा ठरवी. हातगाडी ओढणाऱ्या कोळसेवाल्याची स्थिती तर याहून कठीण. प्रवासाच्या आरंभी कोळसा भट्टीजवळ असतो. शेवटी शेवटी तो वखारीच्या दूरच्या कोपऱ्यात उरतो, अंतर वाढते आणि वेग मात्र तोच ठेवावयाचा असतो. वर दिवाणखान्यात वाद्यवृंद चालू असता खाली हा प्रकार चाललेला असे, आणि एकाची दुसऱ्याला चाहूलही लागत नसे. पैजेच्या फलकावरील तो दुपारचा आकडा कोणाच्या हातांनी लिहिला जात होता, हे यावरून ध्यानात यावे.

व्हाइट स्टार कंपनीने या हिशेबाचा विचार करून निराळा मार्ग पत्करला. 1911 साली आलेली तिची ‘ऑलिंपिक’ ही आगबोट आकाराने मॉरिटानियाच्या दीडपट होती, 45,000 टनांहून मोठी. पण तिची शक्ती सुमारे 46,000 अश्वशक्ती आणि वेग ताशी 21-22 मैलांचा. कोळसा दिवसाला सुमारे 650 टन. आयर्लंड ते न्यूयॉर्क या वाटेवर तिला मॉरिटानियापेक्षा जेमतेम एक दिवस अधिक लागे. त्या एका दिवसाच्या बदल्यात कंपनीला अधिक खोल्या, कमी हादरे आणि स्वस्त फेरी मिळत होती.

शिवाय यात एक व्यापारी गणित होते, आणि तेच अधिक महत्त्वाचे. टपाल आठवड्यातून ठरल्या दिवशी निघाले पाहिजे. त्यासाठी एकाच तोडीच्या किती आगबोटी लागतात? जाणे, येणे, आणि दोन्ही बंदरांत कोळसा भरणे व साफसफाई, हे सर्व एकवीस दिवसांत आटोपत असेल तर तीन पुरतात. चौदा दिवसांत आटोपत असेल तर दोन. तिन्ही आगबोटींचे काम ताशी एकवीस मैलांनी बिनबोभाट होते. त्याहून चार-पाच मैलांनी वेग वाढवला, तरी आगबोटींची संख्या दोनवर येत नाही. वाढतो तो केवळ कोळशाचा खर्च. म्हणूनच कुनार्डने सरकारी मदतीवाचून आपली तिसरी मोठी आगबोट ‘अक्विटानिया’ बांधली, ती 1914 मध्ये आली तेव्हा तिचा वेग 23-24 मैलांवरच ठेवलेला होता. विक्रमाचा शौक स्वतःच्या खिशातून करण्याची तिची तयारी नव्हती. दोन आगबोटींवर साप्ताहिक टपाल चालवण्याचे स्वप्न पुढे ‘क्वीन मेरी’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर खरे केले. त्यांना त्यासाठी ताशी 28 मैलांहून अधिक वेगाने सतत धावावे लागले.

ऑलिंपिकची भगिनी ‘टायटॅनिक’ विक्रमासाठी धावत होती, असे अजूनही सांगितले जाते. विक्रम तिच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचा होता. 10 एप्रिल 1912 रोजी दुपारी ती साउदॅम्प्टनहून निघाली आणि 17 एप्रिलच्या, बुधवारच्या, सकाळी न्यूयॉर्कला पोहोचावयाची होती. म्हणजे तिच्या उतारूंचा प्रवास जवळजवळ सात दिवसांचा होता. 14 एप्रिलच्या रात्री बर्फाच्या सूचना मिळूनही ती ताशी 22 मैलांच्या आसपास जात होती, हे मात्र खरे. लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीत अनुभवी कप्तानांनी साक्ष दिली की, हवा निरभ्र असेल तर बर्फ दृष्टीस पडेपर्यंत वेग कमी न करण्याचा सर्वांचाच प्रघात होता. वेळापत्रक राखण्याची ही सवय वर्षानुवर्षे फलद्रूप झाली होती, म्हणूनच ती कोणाला धोक्याची वाटली नाही. त्या रात्री सुमारे दीड हजार माणसे बुडाली.

अटलांटिकवरील वाटा त्यापूर्वीच कंपन्यांनी आपसांत ठरवलेल्या होत्या. पृथ्वी गोल असल्याने आयर्लंडहून न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वाकतो आणि न्यूफाउंडलंडच्या धुक्याच्या व हिमनगांच्या प्रदेशाला भिडतो. यास्तव जानेवारीच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दक्षिणेची वाट धरीत. ती शंभरांहून अधिक मैलांनी लांब पडे, म्हणजे चार-पाच तासांचा तोटा. टायटॅनिक त्या दक्षिणेच्याच वाटेवर होती. त्या वर्षी बर्फ आणखी खाली उतरले होते. या अपघातानंतर वाट आणखी दक्षिणेस सरकवण्यात आली, हिमनगांवर पहारा ठेवण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था झाली, आणि पुढे बर्फ असल्याची सूचना मिळताच रात्री वेग कमी करावा किंवा वाट बदलावी, हे 1914 च्या करारात नमूद झाले. काही तास सर्वांनीच सोडून दिले.

तिसऱ्या वर्गाच्या उतारूच्या दृष्टीने या तासांचा अर्थ काय होता? 1907 या एका वर्षात न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर दहा लक्षांहून अधिक निर्वासित व स्थलांतरित उतरले. त्यांतील बहुतेक जण ताशी 12 ते 16 मैल चालणाऱ्या आगबोटींनी आठ, नऊ, दहा दिवसांचा प्रवास करून आले होते. आगबोट धक्क्याला लागली की पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे लोक उतरून घरी जात. त्यांची तपासणी आगबोटीवरच झालेली असे. तिसऱ्या वर्गाला मात्र होडक्यांतून बेटावर नेत, आणि गर्दी असली तर तोवर आगबोटीतच थांबवीत. वैद्याने डोळे पाहून कोणाच्या अंगरख्यावर खडूने खूण केली, तर त्याचा प्रवास कित्येक दिवसांनी लांबे, किंवा उलट दिशेने सुरू होई. अशा मनुष्याला मॉरिटानियाच्या मिनिटांचे कौतुक ते काय असणार!

सरकारने ज्या वेगासाठी पैसे मोजले, त्याचे युद्धात काय झाले? 1914 मध्ये लढाई पेटल्यावर असे आढळले की, या आगबोटी आरमारी टेहळणीसाठी वापरण्यास फारच कोळसा खातात. लुसिटानिया उतारूंच्याच कामावर राहिली. पण उतारू घटले, म्हणून काटकसरीसाठी तिच्या चार बॉयलरखोल्यांपैकी एक बंद ठेवण्यात आली. त्यामुळे तिचा वेग 21 मैलांवर आला. 7 मे 1915 रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीच्या एका टॉर्पेडोने तिला गाठले तेव्हा ती त्याहूनही हळू चालली होती. अठरा मिनिटांत ती बुडाली आणि सुमारे 1,200 जीव गेले. विक्रमाच्या मोजणीचा तो खडक तेथून फार दूर नाही.

युद्धानंतर कोळशाची जागा तेलाने घेतली. ऑलिंपिकच्या भट्ट्या 1920 पर्यंत आणि मॉरिटानियाच्या 1922 पर्यंत तेलावर चालू लागल्या. फावडी गेली, हातगाड्या गेल्या, आणि त्यांबरोबर शेकडो आगवाल्यांचे कामही गेले. ब्रेमेनने मान घेतल्यावर ऑगस्ट 1929 मध्ये बावीस वर्षांची मॉरिटानिया पुन्हा एकदा शर्थीने धावली. तिने स्वतःचा जुना वेग मागे टाकला, पण ब्रेमेनला गाठणे तिला साधले नाही. 26 सप्टेंबर 1934 रोजी तिने न्यूयॉर्कचे बंदर शेवटचे सोडले. त्याच दिवशी स्कॉटलंडात क्वीन मेरी पाण्यात उतरवण्यात आली. 1935 मध्ये मॉरिटानिया रोझाइथ येथे मोडीत काढण्यात आली.